खवणीची मूठ कुठल्या बाजूला?

आपली बायको उजवी की डावरी, हे दौलतरावांना नक्की आठवत नव्हतं.

यात हसण्यासारखं काही नाही. चाळीसेक वर्षांच्या संसारानंतर तुम्हीही डोळे मिटून बघा. दौलतरावांनी बघितलं. पोळ्या लाटणाऱ्या कौशल्याबाई डोळ्यांपुढे आल्या. चेहरा आला, कपाळावरची आठी आली, हात काही येईनात. जेवतात उजव्या हातानं, पण ते तर लहानपणी सगळ्यांनाच चापट मारून शिकवतात. तो पुरावा धरता येत नाही. (पुराव्याच्या बाबतीत दौलतराव फार कडक. पीएच.डी. लांबली ती त्यामुळेच, असं ते सांगतात. त्यांचे मार्गदर्शक वेगळं कारण सांगत.)

प्रश्न उभा राहिला तो नारळाच्या खवणीवरून.

ओट्याच्या कडेला आवळून बसवायची खवणी होती ती. डाव्या हातानं नारळाची वाटी धरायची, उजव्या हातानं मूठ फिरवायची. कौशल्याबाईंच्या भावानं गुहागरहून आणून दिलेली. जूनमधल्या एका सकाळी तिचा पाय मोडला. पाय म्हणजे ओट्याला धरून ठेवणारा आणि मूठ उजवीकडे काढून देणारा बिडाचा वाकडा तुकडा.

"चिंचवडला जाऊन नवी घेऊन येते," कौशल्याबाई म्हणाल्या.

"विकत?" दौलतराव पेपरातून बाहेर आले. "घरात मशीन असताना?"

मशीन होतं खरं. इंजिनिअरिंग कॉलेजात नोकरीभर ड्रॉइंग शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक छोटं, वापरलेलं मशीन घेतलं होतं. त्यावर कातता यायचं, भोकं पाडता यायची, खाचा मारता यायच्या. निगडीतल्या त्यांच्या रो-हाउसच्या पार्किंगमध्ये ते आलं आणि कौशल्याबाईंची स्कूटर पावसात गेली. वर्षभरात त्या मशीनवर एकच काम झालं होतं : खंडेनवमीची पूजा.

कौशल्याबाईंनी पदर खोचला. "बरं. गणपतीला नवे व्याही पहिल्यांदा जेवायला येणार आहेत. मोदकांना ढीगभर नारळ लागतो. तोवर खवणी फिरली, तर मशीन राहील. नाही फिरली, तर मशीन जाईल आणि माझी स्कूटर आत येईल."

मशीन कुठं जाईल, याचीही सोय होती. नवनाथ हा सरांचा जुना विद्यार्थी. चाकणला त्याचं वर्कशॉप होतं. "सर, द्यायचं झालं तर भायेर देऊ नका. आपला टेम्पो हाय," असं तो मायेनं म्हणायचा. तेव्हापासून दौलतरावांना रस्त्यात कुठलाही टेम्पो दिसला की धडकी भरे.

पाय करायचा म्हणजे आधी ड्रॉइंग हवं. आणि ड्रॉइंग म्हणजे आता कॅड, कॉम्प्युटरवर काढायचं. दौलतरावांना कॅड येत नव्हतं. (त्यांच्या कॉलेजात ते आलं, त्याच वर्षी ते निवृत्त झाले. दोन्हींचा संबंध नाही, असं त्यांना वाटतं.) म्हणून आधी नवशिक्याला झेपेल असं सॉफ्टवेअर निवडायचं ठरलं.

त्यांनी मुलाला, ज्ञानेशला, फोन लावला. तो हिंजवडीत कंपनीच्या कॅबमध्ये होता.

"बाबा, एवढ्याशा कामाला कुठलंही चालेल."

"कुठलंही म्हणजे नेमकं कुठलं?"

"फुकटातलं एखादं."

"फुकटातली बरीच आहेत."

"मग यादीतलं पहिलं घ्या."

"पहिलं कशावरून पहिलं? गुणांनी, की नुसतं अक्षरांच्या क्रमानं?"

"बाबा, तुम्ही सरळ पेन्सिलनं का काढत नाही? अर्ध्या तासाचं काम आहे तुम्हाला. ठेवतो, आमची गाडी हलली." (हिंजवडीत गाडी हलली, ही थाप आहे हे दौलतरावांना कळलं, पण मुलगा कामावरून दमला होता.)

पेन्सिल त्यांना कमीपणाची वाटली. ते लॅपटॉप घेऊन बसले. एक सॉफ्टवेअर चांगलं होतं, पण काढलेलं सगळं इंटरनेटवर ठेवायला लावायचं; उद्या खवणीचा पाय कुणी चोरला तर? दुसरं शाळकरी मुलांसाठी होतं, नुसते ठोकळे जोडायचे. ते त्यांनी डॉक्टरेटच्या मानाखातर नाकारलं. (त्याआधी दोन दिवस करून बघितलं होतं. जमलं नाही.) तिसऱ्यात इतकी बटणं, की आपण चुकून विमान चालू करू अशी भीती वाटे. चौथ्याच्या व्हिडिओतला मुलगा "एकदम सोप्पं आहे" असं इतक्यांदा म्हणाला, की दौलतरावांना त्याची काळजी वाटायला लागली.

जून गेला, जुलै गेला. कौशल्याबाई दुखऱ्या गुडघ्यांनी खाली बसून विळीवर नारळ खवत होत्या.

"निवडलंत का?"

"तुलना चालू आहे."

"मला तर एका दुपारी पसंत केलं होतंत."

"तेव्हा पर्याय कमी होते," दौलतराव तंद्रीत बोलून गेले. पुढचे दोन दिवस चहा त्यांनीच केला.

शेवटी त्यांनी एक अमेरिकन सॉफ्टवेअर घेतलं, ते एकाच गुणासाठी. त्यात केलेली चूक मागे घेता यायची. एक, दोन, पार कोऱ्या पानापर्यंत. आयुष्यात अशी सोय कुणीच दिली नव्हती, असं वाटून ते हळवे झाले. ऑगस्टभर त्यांनी पाय काढला आणि मागे घेतला. मग कागदावर छापून, भोसरीहून ॲल्युमिनियमची वीट आणून ते मशीनवर उभे राहिले. तिथं मागे घ्यायचं बटण नव्हतं, तरी काम झालं. पाय चकाकत होता.

गणपतीच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी खवणी ओट्याला लावली. मूठ डावीकडे आली होती.

त्यांनी ड्रॉइंगचा कागद उचलला. वस्तूची डावी बाजू कागदावर उजवीकडे काढायची, ही आपल्याकडची शिस्त. अमेरिकेत डावी बाजू डावीकडेच काढतात. कुठली पद्धत आहे, ते कोपऱ्यातली एक लहानशी खूण सांगते. ती खूण बघायची राहिली, की वस्तू आरशातल्यासारखी उलटी होते. ती न बघणाऱ्या पोरांना दौलतरावांनी नोकरीभर नापास केलं होतं. नवनाथला तर दोनदा.

कोपऱ्यात अमेरिकन खूण होती.

तेवढ्यात फाटकाशी टेम्पो थांबला. दौलतरावांनी ओटाच धरला. पण नवनाथ गणपतीची मूर्ती न्यायला निगडीत आला होता, आणि जाताजाता सरांचं काम बघायला.

"झाली का सर खवणी? फिरवा की."

"ते... मूठ जरा..." दौलतरावांनी ड्रॉइंगचा कागद पाठीमागे लपवला.

कौशल्याबाई पुढे आल्या. त्यांनी मुठीकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं, खिडकीतून टेम्पोकडं बघितलं. मग नारळाची वाटी उजव्या हातात धरली आणि डाव्या हातानं मूठ फिरवली. खाली खोबऱ्याचा पांढराशुभ्र चव पडायला लागला.

"अगदी हाताला बसली. मी डावरी ना!"

"तू डावरी आहेस?"

"घ्या! एवढ्या वर्षांत कळलं नाही होय?"

"अरारा!" नवनाथनं हात जोडले. "म्याडमचा हात बघून बनवलंय व्हय! काय बारीक इचार हाय सर तुमचा."

"वापरणाऱ्याचा विचार आधी करायचा असतो," दौलतराव म्हणाले, आणि हे आपणच बोललो याचं त्यांना नवल वाटलं.

टेम्पो गणपती घेऊनच गेला. मशीन राहिलं. व्याह्यांनी मोदक मागून घेतले. दौलतरावांनी ज्येष्ठ नागरिक संघात 'डावऱ्यांसाठी अवजारं' या विषयावर भाषण दिलं. रात्री अंथरुणावर मात्र शंका यायची : ही खरंच डावरी होती का? पण विचारायचं कसं?

काही वर्षांनी कौशल्याबाई अंगणात घसरल्या आणि उजव्या मनगटाला प्लास्टर घालावं लागलं.

"त्यातल्या त्यात बरं," दौलतराव धीर देत म्हणाले, "डावा शाबूत आहे."

दुपारी त्यांनी खिचडी वाढली. कौशल्याबाईंनी डाव्या हातात चमचा धरला. पहिला घास हनुवटीला लागला, दुसरा मांडीवर पडला.

"अगं, पण तू तर डावरी ना?"

"नारळापुरती," कौशल्याबाई म्हणाल्या.

दौलतरावांनी मांडीवर पडलेली खिचडी पुसून घेतली. "मग तेव्हाच सांगायचंस. नवनाथ गेल्यावर मी दुसरा पाय करून दिला असता."

"म्हणून तर सांगितलं नाही. तुम्ही परत सॉफ्टवेअर निवडायला बसला असतात. त्यापेक्षा डावा हात लवकर शिकला."

दौलतरावांनी चमचा घेतला आणि त्यांना भरवायला सुरुवात केली. कौशल्याबाई उजव्या आहेत. हे आता नक्की.