सात दारं, सात शब्द

रविवारी सकाळी सव्वादहा वाजता चिंचपोकळीच्या एका चाळीत, पहिल्या मजल्यावरच्या सात दारांवर खडूने सात इंग्रजी शब्द लिहिले गेले. लिहिणारा मी. वर्तमानपत्रात बारा वर्षं तारेने येणाऱ्या इंग्रजी बातम्यांचं मराठी करतोय. इंग्रजी म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!

आमच्या छापखान्यात खिळे जुळवणारे रामजी याच मजल्यावर राहतात. त्यांची मुलगी कांता मॅट्रिक झालेली. मंगळवारी टेलिफोन ऑपरेटरच्या जागेसाठी तिची मुलाखत, तीही इंग्रजीत. वयाच्या अटीत ती याच वर्षापुरती बसत होती.

"चिंतामणराव, पोरीला बोलण्याचे चार शब्द शिकवा," रामजी म्हणाले.

"चार कशाला? मजलाभर शिकवतो!"

युक्ती सोपी होती. ज्या घरात जसं बोलणं, तसा दारावर शब्द. कमलाबाई दिवसभर कुरकुरतात, तिथे 'ग्रम्बल'. रघुवीर युनियनवरून भिंतीशीही वाद घालतो, तिथे 'आर्ग्यू'. नव्या जोडप्याच्या दारावर कुजबुजीचा 'व्हिस्पर'. कांता येताजाता वाचेल. मग मी रामजींकडे पोटभर जेवलो आणि तिथेच आडवा झालो.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. रोज धरपकड चाललेली. तिच्या बातम्या मीच लिहीत होतो. हातात खडू आला तेव्हा एकही आठवली नाही!

चार वाजता आरडाओरड्याने जाग आली. मजल्यावर एकच खबर : ज्यांना पकडायचंय त्यांच्या दारांवर पोलिसांनी खुणा केल्यात!

"मी काय केलं गं बाई? मोर्चात एक घोषणा दिली, ती पण मागून!" कमलाबाई.

रघुवीर वळकटी बांधून तयार. "निघालो तुरुंगात. चहा तरी करा रे कुणी!"

सगळ्यात भडकला होता शेजारचा जगदीश. "दोनदा लाठी खाल्ली मी, आणि माझंच दार कोरं? कुणी केली ही यादी?"

"मी," मी म्हणालो.

"म्हणजे हा पोलिसांचा माणूस!" कमलाबाईंनी लाटणं उचललं.

त्या गलक्याने नाक्यावरचा अँग्लो-इंडियन सार्जंट दोन हवालदार घेऊन वर आला. दारं बघून त्याला वाटलं, ही चळवळीची गुप्त लिपी!

"हू रोट धिस?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि तेव्हा ध्यानात आलं, बारा वर्षांत मी इंग्रजी वाचलं, लिहिलं. बोललो एकदाही नव्हतो! मी नुसता खिशातला खडू पुढे केला. सार्जंटने माझं मनगट धरलं.

"पोलिसांत घराचं नाव गेलं की पोरीची सरकारी नोकरी गेली," रामजी पुटपुटले.

कमलाबाई मध्ये घुसल्या. लाटणं तेच, रोख बदललेला. "सोड त्याला! पाहुणा आहे आमचा!"

मग कांता पुढे झाली. "माय टीचर रोट, सर. टॉकिंग वर्ड्स. धिस लेडी, ग्रम्बल. धिस मॅन, आर्ग्यू. ट्यूजडे माय इंटरव्ह्यू."

"अँड युवर टीचर?"

"माय टीचर? सायलेंट, सर."

सार्जंट एवढा हसला की टोपी सावरावी लागली. दारं पुसायला सांगून तो जिना उतरला.

बुधवारी आभार मानायला गेलो. कमलाबाईंनी चहा दिला आणि साखर कमी पडली म्हणून स्वतःच कुरकुरल्या. इतका गोड चहा मी आजवर प्यायलो नाही. रघुवीरने आपला शब्द पुसू दिला नव्हता; त्यावरून वाद चालू होता. कांता मुलाखतीत वीस मिनिटं बोलली म्हणे.

गुरुवारी रामजींनी माझ्या टेबलावर एक छापील चिठ्ठी ठेवली. ठळक खिळ्यांत इंग्रजी शब्द : 'स्पीक'. खाली कांताच्या अक्षरात, "रोज तीनदा, मोठ्याने."

मी म्हणतो आहे. मुलाखतीचा निकाल अद्याप आलेला नाही.