युवा नेत्याच्या पेशी

माणसाचं वय आणि त्याच्या अवयवांचं वय एकच असतं असं नाही, हे आता वैद्यकशास्त्रानंही मान्य केलं आहे. आमच्या चाकण भागात ते फ्लेक्सवर कधीपासूनच मान्य आहे. ज्योतीरामभाऊ चव्वेचाळिसाव्या वर्षीही तिथं युवा नेते आहेत (फोटो लग्नाआधीचा).

त्यांचा धाकटा भाऊ नवनाथ कंपनीत वेल्डर. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा घरच्यांच्या तपासण्या झाल्या. किडनी दोघांची जुळली: ज्योतीरामभाऊंची आणि आई गोजाबाईंची.

डॉक्टर म्हणाले, "दोन्ही चालतील. पण पेशी म्हाताऱ्या झाल्या की झीज भरून काढत नाहीत. आजींची किडनी लवकर थकू शकते. भाऊंची जास्त वर्षं टिकेल."

हे ऐकताच भाऊंच्या पेशींना वार्धक्य आलं. जिना चढताना धाप लागू लागली. केसांना कलप लावणं त्यांनी त्याच आठवड्यात सोडलं.

"मी वरून दिसतो तसा न्हाई, डॉक्टर," ते म्हणाले. "जनसेवेनं आतून पार झिजलोय."

रिपोर्ट उत्तम होते, पण जनसेवा रिपोर्टमध्ये येत नाही.

मग घरात बैठक झाली. भाऊंवर अख्ख्या गावाचा भार आहे. वडील बबनरावांना सुई बघूनच भोवळ येते, म्हणून त्यांची तपासणीच झाली नव्हती. गोजाबाई काय, घरीच असतात (चार म्हशी आणि दहा माणसांचा स्वयंपाक सोडला तर मोकळ्याच). ठराव एकमतानं मंजूर झाला. गोजाबाई तेव्हा गोठ्यात होत्या.

त्यांना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "माजी घ्या की. पर त्याला टिकंल का रे ती? डॉक्टर कायतरी म्हनत व्हते."

"टिकंल," भाऊ म्हणाले. "तू मनाला लावून घेऊ नको."

ऑपरेशन झालं. नवनाथ कामावर रुजू झाला. मंडळानं भाऊंचा सत्कार केला. धावपळ त्यांचीच होती.

दोन वर्षांनी नवनाथला बसवलेली किडनी मंदावली. डॉक्टरांनी औषधं वाढवली, सध्या भागतंय. ती आणखी किती वर्षं काढेल, ही एकच काळजी आता सगळ्या घराला आहे. तुम्हालाही हाच प्रश्न पडला असेल, आणि ते स्वाभाविक आहे. गोजाबाईंकडे उरलेली एक त्यांना किती वर्षं पुरेल, हे अजून कुणी विचारलेलं नाही. वाचकांतूनही नाही.