सराव-घरातला खरा फोन

माणूस नेमका कधी मोठा होतो, याबद्दल शहाण्यासुरत्या लोकांत फार मतभेद आहेत. कोणी म्हणतं लग्न झाल्यावर, कोणी म्हणतं बाप गेल्यावर, आमची बायको म्हणते काही पुरुष होतच नाहीत. पालिकेने मात्र हा घोळ कायमचा मिटवलेला आहे. पालिकेच्या बालगृहातलं पोर अठराव्या वाढदिवशी सकाळी अकरा वाजता मोठं होतं. खरं तर ते रात्री बारालाच अठरा वर्षांचं झालेलं असतं, पण ऑफिस अकराला उघडतं. मधल्या वेळात ते पालिकेचं नसतं आणि स्वतःचंही नसतं. तेवढा वेळ त्याने झोपून काढावा, असं परिपत्रक आहे. (झोप लागली नाही तर काय करावं, याचं परिपत्रक सहीला गेलंय.)

मी पालिकेचा ड्रायव्हर. मोठ्या झालेल्या पोरांना सामानासकट नव्या पत्त्यावर नेऊन सोडायचं, हे माझं काम. माझी शाळा चौथीत सुटली, त्यामुळे मला या खात्याचं जरा जास्तच कौतुक. खात्याचं नाव 'संक्रमण व स्वावलंबन विभाग'. पहिला शब्द मला अजून एका दमात म्हणता येत नाही, पण तो गाडीवर रंगवलाय, आणि गाडी मीच धुतो.

लोक म्हणतात, ज्याला कोणी नाही अशा पोराला अठराव्या वर्षी हात धरून बाहेर काढतात. साफ खोटं. आधी सराव देतात. दुसऱ्या मजल्यावर, डास निर्मूलनवाल्यांच्या शेजारी, खात्याचं सराव-घर आहे. शेवटचे काही महिने पोरांनी रोज दुपारी दोन ते पाच तिथे येऊन राहायचा सराव करायचा. (माणूस दोन ते पाच नीट राहिला, की उरलेला वेळ तो आपोआप राहतो, असं साहेबांचं निरीक्षण आहे.)

सराव-घरात सगळं आहे. नळ आहे, पाणी नाही, कारण पाणी दुसऱ्या खात्याचं. शेगडी आहे; गॅस नाही, कारण मागे एकदा तिथे चहा झाला होता. पातेली चोरीला जायची म्हणून ती स्क्रूने फळीला पक्की केलीयत. पोरं फळीपाशी उभी राहून ढवळायला शिकतात. खिडकीचं चित्र आहे, चित्रात समुद्र. भाजी प्लॅस्टिकची. एका पोराने मन लावून प्लॅस्टिकचा बटाटा सोलला, तर मालमत्तेचं नुकसान केलं म्हणून त्याला नापास केला. बरोबर आहे, माणसाला कुठे थांबायचं ते कळायला नको?

फोन मात्र खरा.

त्याचं असं झालं. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पोराला खातं एक कार्ड देतं: 'अडचण आल्यास निःसंकोच फोन करा.' कार्ड छापायला गेलं तेव्हा लक्षात आलं, खात्याकडे फोनच नाही. नवा घ्यायचा तर चार समित्यांचे उंबरे झिजवा. सराव-घराचा फोन आधीच 'फर्निचर' म्हणून मंजूर होता, म्हणून त्याचाच नंबर छापला. तो वाजेल, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. फर्निचर कशाला वाजेल?

वाजला. सरावाला बसलेल्या पोरांना वाटायचं, फोन वाजलेला ऐकायचाही सराव असणार. ती शहाण्यासारखी हाताची घडी घालून ऐकायची. बरीच वर्षं असं सुरळीत चाललं. दर वर्षीच्या अहवालात असायचं: आलेल्या अडचणी, शून्य. पोरं सुखात आहेत याला आणखी काय पुरावा पाहिजे!

मग मावशी आली आणि खात्याची घडी विस्कटली.

मावशी सतरा वर्षांची पोरगी. बालगृहातल्या अर्ध्या पोरांची नाकं तिने पुसलेली, म्हणून सगळी तिला मावशी म्हणायची. हळूहळू साहेबही म्हणायला लागले, आणि साहेब निवृत्तीला आलेत. सरावाच्या पहिल्याच दुपारी मी तिथे होतो. वायरमन पंखा बसवत होता, मी त्याचं स्टूल धरलं होतं. फोन वाजला, आणि ह्या पोरीने तो उचलला! कोणाला विचारलं नाही, पुसलं नाही. त्या फोनचा आवाज एवढा दणदणीत, की पलीकडचं बोलणं डासवाल्यांनाही ऐकू जायचं.

“हॅलो, मदत खातं का?”

“कोण? ढब्बू?” हा ढब्बू तिच्या आधी वर्षभर बाहेर पडलेला.

“मावशी? अगं, तू तिथे कशी? नोकरी लागली की काय?”

“कसली नोकरी. राहायचा सराव करतेय. बोल, काय झालं?”

“काही नाही गं. ताप आहे. चार दिवस झाले. म्हणजे... हे कोणाला सांगायचं असतं?”

मावशी म्हणाली, “मला सांगितलंस ना. झालं तर मग. काही खाल्लंस का?”

“बिस्किटं.”

“शाब्बास, राजपुत्रा. दाराची कडी काढून ठेव, काकांना पाठवते.”

“कोण काका?”

तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “माझ्याकडे काय बघतेस? मी स्टूल धरलंय.”

“स्टुलाला ताप नाहीये, काका.”

गेलो. ढब्बूला दवाखान्यात नेलं. (साहेबांना सांगितलं, टायर तपासायला गेलो होतो. वाटेत उतरून एक टायर तपासलाही. खोटं बोलायची आपल्याला सवय नाही.)

झालं, फोन उचलतात ही बातमी बाहेर पसरली. मग काय, दोन ते पाच फोनला उसंत नाही. भात खाली लागतो आणि वर कच्चा राहतो, का? घरमालक न सांगता खोलीत शिरतो, ते चालतं का? ऑपरेशनच्या कागदावर 'जवळचा नातेवाईक' असं लिहिलंय, तिथे काय लिहू? एका पोरीचा तर रोज फोन यायचा, फक्त 'पोचले' एवढं सांगायला. मावशी म्हणायची, “बरं. दार लाव.” फोन ठेवायची.

ह्या सगळ्याचा खात्याला केवढा फटका! त्या तिमाहीत अडचणी शून्यावरून तीनशेवर गेल्या. साहेब हादरले. “मावशी,” ते म्हणाले, “तू येईपर्यंत ह्या पोरांना एकही अडचण नव्हती.”

साहेब फोनची वायर भिंतीवरून सोडवायलाच लागले होते, पण त्याच दुपारी दुसऱ्या पालिकेचे पाहुणे सराव-घर बघायला आले. फोन वाजला. मावशी कोणाला तरी सांगत होती, “आच मंद कर, झाकण ठेव आणि रडणं थांबव. तिन्ही एकदम जमत नसेल तर रडणं राहू दे, आच आधी कमी कर.” पाहुण्यांना गहिवरून आलं. साहेबांनी वायर हळूच परत भिंतीला चिकटवली आणि म्हणाले, “हा आमचा पथदर्शी उपक्रम.” महिन्याभरात साहेबांना चषक मिळाला. भाषणात त्यांनी फोनचे आभार मानले.

मग मावशी अठराची झाली. बाहेर पडताना तोंडी परीक्षा असते. प्रश्न एकच: अडचण आली तर काय करशील? उत्तरही एकच: कार्डावरच्या नंबरला फोन करीन.

मावशी म्हणाली, “साहेब, तो फोन मीच उचलते.”

साहेब पेन धरून विचारात पडले. ह्या मुलीला अडचण आली तर ही स्वतःलाच फोन करणार, स्वतःच उचलणार. ह्याहून स्वावलंबी माणूस कुठला? शंभरपैकी शंभर! खात्याच्या इतिहासात पहिल्यांदा. साहेबांनी तिचं अभिनंदन केलं आणि पालिकेच्या निवासातली तिची खोली रद्द केली. खोली कच्च्या पोरांसाठी असते. पक्क्या माणसाला छप्पर देणं म्हणजे त्याचा अपमान.

“मग मला इथेच फोनवर ठेवा ना, साहेब,” मावशी म्हणाली.

“जागा आहे की. पण तिला पदवी लागते, पाच वर्षांचा अनुभव लागतो, आणि उमेदवाराने स्वतः कधी मदत घेतलेली नसावी. तू तर पाळण्यापासून घेतेयस.”

“मग फोन कोण उचलणार?”

“फोन ही वस्तू आहे, मावशी. वस्तूची व्यवस्था होते. माणसांची होत नाही, म्हणून तर आपण त्यांना स्वावलंबी करतो.”

आणि व्यवस्था झालीसुद्धा. खात्याने मागे घरोघरी एक पाहणी केली होती: 'निराधार तरुणांना समाजाने आधार द्यावा, असं आपल्याला वाटतं का?' शंभरातले शहाण्णव जण 'हो' म्हणाले. (उरलेल्या चौघांना वाटलं, साबण विकायला आलेत.) त्या शहाण्णवांना साहेबांनी 'आधार-नागरिक' नेमलं आणि सराव-घरात आलेला फोन, रोज एकाची पाळी, असा थेट त्यांच्याच मोबाइलवर जाईल, असं करून टाकलं. नागरिकांना कळवायची गरज नव्हती. हो म्हणालेत ना? मग!

मावशीला एक चादर, एक बादली आणि कार्ड देऊन माझ्या गाडीत बसवलं. तिला एका लॉन्ड्रीत कपड्यांच्या घड्या घालायचं काम मिळालं होतं. लॉन्ड्रीच्या मालकीणबाईंकडे वरच्या मजल्यावर एक कॉट रिकामी होती. बाई वाईट नव्हत्या. इस्त्री न थांबवता म्हणाल्या, “तुझं मोठं माणूस कोण?”

“हे काका आहेत.”

बाईंनी गाडीवरची अक्षरं वाचली. “पालिकेचे ना? ते सगळ्यांनाच चांगलं म्हणतात, त्यांना माणूस खपवायचा असतो. बाहेरचं एखादं घरंदाज माणूस सांग. फोनवर नुसतं म्हणू दे, 'हो, आम्ही आहोत हिच्या पाठीशी.' माझं काही म्हणणं नाही. पाचपर्यंत कॉट धरून ठेवते. दुसरी एक मुलगी विचारून गेलीय.”

मी म्हटलं, “मावशी, कार्डावर फोन लाव. आता खात्याचे शहाण्णव टक्के लोक तुझ्या पाठीशी आहेत.”

तिने कार्ड काढलं. एवढी सगळ्यांना समजावणारी पोरगी, पण कार्ड नुसतं उलटसुलट करून बघायला लागली. “काका, मी ह्या नंबरला कधी फोन केलाच नाही हो. काय बोलायचं असतं?”

“ढब्बू बोलला तसं बोल.”

“'हे कोणाला सांगायचं असतं', असं?”

“तसंच. समोरचं माणूस विरघळेल.”

तिने फोन लावला. दोनदा वाजला आणि कट झाला. म्हणाली, “कामात असतील.” परत लावला. एकदाच वाजला. तिसऱ्यांदा वाजलाच नाही. पाच वाजता दुसरी मुलगी आपल्या मामाला घेऊन आली आणि कॉट गेली. मालकीणबाईंनी मावशीला चहा दिला, काम राहील म्हणाल्या, फक्त पत्ता घेऊन ये.

आता तुम्ही म्हणाल, कोण हो तो पाषाण? शिव्या घालायच्या आधी जरा आठवा. गेल्या मंगळवारी, दुपारी जेवून तुम्ही आडवे झाला होतात. अनोळखी नंबर आला. तुम्ही कापला. परत आला, परत कापला, आणि घरात म्हणालात, “हे क्रेडिट कार्डवाले झोपूसुद्धा देत नाहीत,” आणि नंबर ब्लॉक केलात.

लाजू नका. खात्याकडे फोन कापला अशी नोंदच होत नाही. तिथे लिहिलंय: 'नागरिकाने थोडक्यात मार्गदर्शन केले.' तुमच्याइतकं थोडक्यात मार्गदर्शन आजवर कोणी केलेलं नाही, म्हणून यंदाचा आधार-नागरिक चषक साहेबांनी तुम्हालाच ठरवलाय. रविवारी मी तुम्हाला न्यायला येतोय. खाली आलो की फोन करीन. माझाही नंबर तुम्हाला अनोळखीच, पण चषकाचा आहे म्हटल्यावर उचलाल.

मागच्या सीटवर एक पोरगी बादली घेऊन बसलेली असेल. रात्रीपुरती ती आमच्या बायकोजवळ झोपते; आमच्या एका खोलीत आम्ही सहा, तिला धरून सात. दिवसा लॉन्ड्री, आणि सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर गाडीत, खोल्या बघत. जरा सरकून बसा. ओशाळायचं काही कारण नाही, गप्पासुद्धा मारा. तुमचा आवाज ती ओळखणार नाही. तो तिने ऐकलाय कुठे?