घरासोबत आलेल्या पिकरिंगबाई

घर विकत घेऊन भाड्यानं द्यायचं, यात अवघड ते काय? गेल्या मार्चमध्ये मी हे माझ्या बायकोला, ग्लेंडाला, छातीवर हात मारून विचारलं होतं! इंग्लंडमधल्या हल शहरात अडतीस वर्षं बस चालवून मी निवृत्त झालो होतो. हातात एकरकमी पैसे आले होते. शिवाय रिंग रोडवरच्या हॉटेलात भरलेला एक दिवसाचा वर्गही करून आलो होतो. नवख्यांनी घर कसं घ्यावं, भाडेकरू कसा निवडावा, सगळं शिकवलं. शिकवणाऱ्याचे दात इतके पांढरे होते की पहिल्या रांगेतली माणसं डोळे मिचकावत बसली होती.

“घर आतून पाहिलंस का?” ग्लेंडानं विचारलं.

“लिलावातलं घर आहे. ओळीतली घरं ती, एक पाहिलं की सगळी पाहिली!”

“आणि आत कोणी राहत असलं तर?”

“रिकामं आहे. कागदावर लिहिलंय.”

“कागद वाचलास?”

“वकिलानं वाचलाय!”

हे उत्तर अगदी खरं होतं. वकिलानं वाचला होता. मी नव्हता.

किल्ली मिळाली त्या सोमवारी मी नायजेलला घेऊन घरावर गेलो. नायजेल म्हणजे माझा मेहुणा. गिलाव्याच्या कामात चाळीस वर्षं घालवलेला माणूस. बोलतो कमी, पण बोलला की खिळा ठोकल्यासारखा लागतो. ओळीतल्या एका दारावर पितळी तीन आणि सहा दिसले. छत्तीस! माझं घर! छाती फुगवून मी खिशातून किल्ली काढली, तेवढ्यात दार आतून उघडलं!

दारात माझ्या कोपराएवढ्या उंचीच्या एक म्हाताऱ्या बाई उभ्या होत्या. अंगावर एप्रन, चेहऱ्यावर हेडमास्तरीण.

“आलात एकदाचे! आठ महिने वाट बघतेय! ओलीसाठीच ना? पाय पुसा आधी!”

मी पाय पुसले. गांगरलेला माणूस सांगाल ते करतो. आणि घराला थोडी ओल आहे, हे लिलावाच्या पत्रकातही होतंच.

“तुम्ही... इथे राहता?”

“नाही बाळा, सर्कस चालवते! राहते म्हणजे काय, एक्कावन्न वर्षं झाली! मिसेस पिकरिंग. ऑफिसात सांगितलं नाही का तुम्हाला?”

“आणि भाडं...?”

“दर सोमवारी! एक आठवडा चुकला असेल तर दाखवा!”

वर्गात त्या पांढऱ्या दातांनी बजावून सांगितलं होतं: लिलावात कधीकधी घरासोबत जुना भाडेकरूही येतो. त्याला हलवता येत नाही, भाडं वाढवता येत नाही, आणि घर विकायला काढलं तर कोणी फिरकत नाही!

“रिकामं आहे म्हणाला होतास,” नायजेल हळूच म्हणाला.

“गप्प बस.”

“मला तर बरंच भरलेलं दिसतंय.”

मी अंगणात जाऊन वकिलाला फोन लावला. साहेब सुट्टीवर, पुढच्या सोमवारी येतील, असं त्यांची सेक्रेटरी म्हणाली. “अहो, तातडीचं आहे!” मी ओरडलो. “सुट्टीसुद्धा तातडीचीच होती,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

अडतीस वर्षांची कमाई त्या घरात अडकली होती. आता ग्लेंडाला कुठल्या तोंडानं सांगणार? मग मला वर्गातलंच दुसरं वाक्य आठवलं: भाडेकरूशी गोड राहा. मी गोड झालो.

“पिकरिंगबाई, या वयात समुद्रकाठी एखादी छानशी खोली मिळाली तर? वारा, ऊन...”

बाईंनी चहाची किटली खाली ठेवली. “मला हलवायला क्रेन आणावी लागेल. आणि माझी आई शंभर वर्षं जगली, हेही लिहून घ्या.”

नायजेलला खोकल्याची उबळ आली. मी निमूटपणे पहार उचलली.

चार दिवस आम्ही राबलो! मागची भिंत खरवडली. तुंबलेली पन्हळ उपसली, तेव्हा तिच्यातून एक टेनिसचा चेंडू आणि अख्खं घरटं निघालं. ओलीचं मूळ तेच. मग गिलावा, मग रंग. बाईंची यादी मात्र रोज वाढतच होती. खिडकी अडकते, नळ गळतो, जिना कुरकुरतो. आम्ही एक काम संपवलं की त्या खुर्चीतून दुसऱ्याकडे बोट दाखवायच्या.

पण एक सांगतो, बाई होत्या गोड. दुपारी गरम कस्टर्ड घातलेलं रुबार्ब, म्हणजे साखरेत शिजवलेले आंबट देठ, वाडग्यात पुढे यायचं. नवरा मासेमारीच्या मोठ्या बोटीवर होता, लवकर गेला. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी मुलींची उंची पेन्सिलीनं मांडलेली होती. मी तिथे खरवडायला गेलो, तर बाई पुढे येऊन उभ्या राहिल्या. नायजेलनं माझ्या हातातली पट्टी काढून घेतली. मग त्या रेघांना धक्का न लावता त्यानं चारी बाजूंनी असा गिलावा केला की जणू राजवाड्यातलं चित्र चौकटीत बसवतोय!

गुरुवारी संध्याकाळी मी ग्लेंडापुढे सगळं ओकलो.

“म्हणजे क्लाइव्ह, आपण एक म्हातारी विकत घेतली?”

“तसंच म्हण.”

“आणि आता तिला बाहेर काढणार?”

“छे गं! तिचं ते कस्टर्ड खाल्लंस तर तूही काढणार नाहीस!”

“मग असू दे. देते तेवढं भाडं घेऊ,” असं म्हणून ग्लेंडानं माझ्या ताटात आणखी एक बटाटा वाढला. चार दिवसांत पहिल्यांदा मला अन्नाची चव लागली.

शुक्रवारी दहा वाजता दार वाजलं. बाहेर हत्यारांची पिशवी घेतलेला, टकलाकडे झुकलेला एक माणूस.

“मिसेस पिकरिंग? मी डेल. तुमच्या घरमालक संस्थेकडून आलोय. ओलीची तक्रार होती ना?”

बाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. “संस्थेचे तुम्ही? मग हे कोण?”

“मी मालक!” मी म्हणालो.

“कशाचा?” डेलनं विचारलं.

“या घराचा! छत्तीस नंबर!”

डेलनं दाराकडे पाहिलं. मग एका बोटानं पितळी सहा उचलून वर फिरवला. त्याचा नऊ झाला! “एकोणचाळीस. वरचा स्क्रू पडलाय.” त्यानं बोट काढलं, तसा नऊ घरंगळून पुन्हा सहा झाला. “सम नंबर समोरच्या बाजूला. तुम्ही हलचेच ना?”

मी उत्तर द्यायला थांबलो नाही! रस्ता ओलांडून पळालो. समोर नंबर नसलेलं, धुळकट खिडक्यांचं घर होतं. किल्ली लावली. फिरली!

“कोणी आहे का?” मी तीनदा ओरडलो. कोणी नव्हतं! पलंग नाही, किटली नाही, माणूस नाही! इतकी सुंदर शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. मी भिंतीला टेकलो, तर पाठ ओली झाली.

“गिलावा संपलाय,” मागून आलेला नायजेल म्हणाला. मी त्याच्या टकलाचा मुका घेतला!

मागोमाग पिकरिंगबाई आल्या, एप्रन सावरत. “म्हणजे संस्था मला हलवणार नाहीये?”

“संस्थेला मी कुठे ओळखतो, बाई!”

“तुम्ही त्या समुद्रकाठच्या खोलीचा विषय काढलात ना, तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही माझ्या!” असं म्हणत त्या माझ्याच घराच्या पायरीवर मटकन बसल्या. मीही शेजारी बसलो. दोघांनी एकदमच सुस्कारा सोडला, आणि मग आम्हाला जे हसू फुटलं ते आवरेना. पेन्सिलीच्या रेघांबद्दल बाईंनी नायजेलचा हात दाबला. नायजेल कानापर्यंत लाल झाला.

डेल तिकडे भिंत ठोकून बघून आला आणि आपल्या फॉर्मवर लिहू लागला: ‘तक्रार: ओल. पाहणी: ओल आढळली नाही.’ मग पेन खिशाला लावून मला म्हणाला, “हे घर भाड्यानं देणार? मी घरच शोधतोय. चार दिवसांत ओल काढणारा मालक पंचवीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा पाहिला.”

मला आकाश ठेंगणं झालं! वर्ग करूनही भल्याभल्यांना जे सुचलं नसतं ते माझ्या दारात चालून आलं होतं: भाडेकरू, आणि तोही दुरुस्तीवाला! घराची काळजीच मिटली! पुढच्या महिन्यात घर तयार झालं आणि मी आनंदानं सही करून दिली.

डेल भाडं वेळेवर देतो. शेजार चांगला, पिकरिंगबाई त्याला रुबार्ब पाठवतात. पण दर शनिवारी सकाळी माझा फोन वाजतो. न्हाणीघराचा नळ, छपरावरचं तिसरं कौल, मागच्या दाराची बिजागरी! प्रत्येक बिघाडाचं नाव, कारण आणि तो किती दिवसांत दुरुस्त करायचा मालकावर बंधन आहे, सगळं त्याला तोंडपाठ!

“अरे डेल, हे तर तुझंच काम ना?” मी परवा न राहवून म्हणालो.

“सोमवार ते शुक्रवार, क्लाइव्ह,” तो म्हणाला. “शनिवार-रविवार मी भाडेकरू असतो.”