दोषी ठरल्याशिवाय उठायचं नाही

एका जंगलात, बाळांनो, भारी शिस्तीचा एक रिवाज होता. काही वाईट घडलं की नगारा वाजायचा. मग सगळ्यांनी जांभळीखाली बैठकीला बसायचं आणि दोषी ठरल्याशिवाय कुणीही उठायचं नाही. हसू नका रे, पुढे ऐका!

तिथे चिमाबाई अस्वलीण राहायची. तिची लेक गोदी. सरपंच गव्याच्या घरी बारसं झालं आणि तिथून सगळ्या जंगलाला तापाची साथ लागली. गोदीही फणफणली. मग सगळ्यांसारखी तीही बरी झाली, उड्या मारू लागली.

पण पुढे पोरीचं काहीतरी बिनसलं. ओढ्याला तोंड लावलं की काढेना. सारखी झुडपामागे पळे. खा खा खायची, तरी वाळत चाललेली. झुडपामागे तर मुंग्यांची जत्राच भरली! आणि एके सकाळी गोदी उठेचना. चिमाबाईनं डॉक्टरांना बोलावणं धाडलं.

डॉक्टर साळिंदर आले. मुंग्या बघून त्यांचे काटे ताठ झाले.

"चिमाबाई, लघवीतून साखर जातेय. हा टाइप वन मधुमेह. इन्सुलिनची सुई आत्ताच्या आत्ता हवी. ढोलीतून घेऊन येतो."

ते वळले आणि नगारा वाजला. झालं! गोदीला गुहेत ठेवून दोघांनाही बैठकीला जावं लागलं.

"मध चारला असणार!" तरस ओरडला.

"डोहाळ्यांत मी हिला कारली खा म्हटलं होतं," माकडीण मावशी म्हणाली. "ऐकते का कुणाचं?"

"अहो, मधानं नाही होत हा!" डॉक्टर कळवळले. "त्या तापाचा विषाणू असेल कदाचित. त्याला हाणताना अंगातल्या शिपायांनी आपल्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी झोडपल्या असतील. मुळात तशी ठेवण असलेल्या एखाद्याच लेकराचं असं होतं. नक्की अजून कुणालाच ठाऊक नाही. मला जाऊ द्या हो!"

"कदाचित चालणार नाही," सरपंच गुरगुरला. "विषाणूला हजर करा!"

कावळ्यानं घसा फाटेस्तोवर पुकारा केला. कुणी आलं नाही.

"दिसतो कसा तो?"

"दिसत नाही."

"मग शिक्षा कुणाला करायची, डॉक्टर? काहीतरी विचार करून बोलत जा."

"समिती नेमू या," कोल्हा म्हणाला. सगळे ऐसपैस बसले. मावशीनं शेंगा सोलायला घेतल्या.

तिकडे गुहेत लेक धापा टाकत असेल, आणि इथे हे शेंगा खातायत! चिमाबाईच्या डोक्यात सणक गेली. ती उठून उभी राहिली.

"मीच केलं! मध चारला, कारली फेकून दिली, आणखी काय म्हणाल तेही केलं. झालं समाधान? आता सोडा त्या डॉक्टरांना!"

बैठकीनं सुटकेचा निःश्वास टाकला. "बघा, म्हणत नव्हते मी?" मावशी म्हणाली. साळिंदर काटे सांडत धावत सुटले.

सुई लागली. दुसऱ्या दिवशी गोदीनं डोळे उघडले. "आई, भूक लागली." चिमाबाई ढसाढसा रडली. सुई आता रोजची झाली, पण पोर हाताला लागली.

शिक्षा म्हणून गुहेवर 'निष्काळजी आई' अशी पाटी ठोकलीय. चिमाबाई तिच्यावर गोदीचं टोपडं वाळत घालते.

तात्पर्य: लेकरू आजारी पडलं, तर आईनं आधी गुन्हा कबूल करावा आणि मग औषध आणावं. विषाणूला बोल लावण्यात काही अर्थ नसतो. मेल्याला वाईटच वाटत नाही.