कुलूपबंद पर्यावरण

पृथ्वी वाचवण्याचा निर्णय त्या कार्यालयात एकमताने झाला. एकमताने झाला, कारण साहेबांनी दुसऱ्या कोणाचं मत विचारलंच नव्हतं.

"उद्या वरून तपासणी अधिकारी येतायत. ऑफिस प्लास्टिकमुक्त दिसलं पाहिजे," ते हेडक्लार्कना म्हणाले. "तुमच्या बढतीची फाइल त्यांच्याच टेबलावर आहे म्हणे."

या बढतीची वाट पाहता पाहता हेडक्लार्कचे केस गेले होते. त्यात बायकोने आपल्या बहिणीला 'झालीच समज' असं कळवून टाकलेलं, त्यामुळे माघारीची सोय नव्हती. ते पदर खोचल्यासारखे कामाला लागले. बाटल्या, डबे, फोल्डर, कचऱ्याच्या बादल्या, कधीही न सुकणारी टेबलावरची फुलं, सगळं गोळा झालं. पाण्यासाठी स्टीलचे पेले मागवले. ते आले, प्रत्येक पेला वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. ढीग आणखी वाढला.

आता हे लपवायचं कुठे? बाहेरून कुलूप लागेल अशी एकच खोली होती. स्वच्छतागृह.

"आणि आम्ही कुठे जायचं?" आवक-जावकच्या बाईंनी विचारलं.

"एक दिवस कळ काढा हो, बाई. पृथ्वीसाठी."

"पृथ्वीला सांगा, मला डायबेटिस आहे."

अधिकारी आले. पेले नजरेत भरावेत म्हणून हेडक्लार्कनी पाण्याचा मारा सुरू केला. "घ्या ना, सर. स्टीलचा आहे." "अजून एक, सर. हाही स्टीलचाच." अधिकारी भिडस्त निघाले, पीत राहिले. मग ते खुर्चीत चुळबुळ करू लागले.

"जरा हात धुऊन येतो."

"स्वच्छच तर आहेत, सर!"

"मला धुवायचेत."

"आधी आमची बाग बघू या. मागे कारंजं..."

"हेडक्लार्क," अधिकारी दात आवळून म्हणाले, "मला कारंजं दाखवू नका."

साहेबांनी हेडक्लार्ककडे असं पाहिलं, की किल्ली आपोआप खिशाबाहेर आली. दार उघडलं आणि सगळा पर्यावरणविचार धडाधडा अंगावर आला. बादल्या गडगडत जिन्यापर्यंत गेल्या. शेवटी एक सदाबहार गुलाब अधिकाऱ्यांच्या बुटावर येऊन विसावला.

बढती गेली, मेहुणीसमोर अब्रू गेली. बुडत्याने काडी धरावी तसे हेडक्लार्क म्हणाले, "हे... हे आमचं प्लास्टिक संकलन केंद्र, सर."

"उत्तम! अभिनव! मंजूर!" अधिकारी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत म्हणाले. "बाहेर कुठे सोय आहे?"

"समोरच्या चहाच्या हॉटेलात."

त्या वेतनश्रेणीतला माणूस एवढ्या वेगाने धावलेला कार्यालयाने प्रथमच पाहिला.

अहवालातही 'अभिनव' हाच शब्द आला. दारावर पाटी लागली, फीत कापली गेली, हेडक्लार्क बढती मिळून केंद्रप्रमुख झाले. मान्यताप्राप्त केंद्र रिकामं करणं नियमात बसत नसल्याने ढीग जागचा हलला नाही.

"संपला का हो तुमचा एक दिवस?" आवक-जावकच्या बाई अधूनमधून विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता रस्ता ओलांडतात.

सगळं कार्यालय आता समोरच्या हॉटेलात जातं. गिऱ्हाइकाने चहा घेतल्याशिवाय हॉटेलवाला आतलं दार उघडत नाही. चहा प्लास्टिकच्या कपात मिळतो.