शिवरामतात्यांची आठ दिवसांची नळी

लग्नाच्या पंगतीत शिवरामतात्या नवरदेवाच्या बापाला भर जिलेबीवर विचारायचे, "नळी काढलीस का रे?" बाप लाजायचा, वऱ्हाड हसायचं. उत्तर मिळेपर्यंत तात्या जिलेबीला हात लावत नसत.

तात्या शहापूरच्या एका लहान दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर होते. नव्वदच्या दशकात तिथे कल्याणहून मूतखड्याचे डॉक्टर यायचे. खडा काढल्यावर लघवीची वाट सुजून बंद होऊ नये म्हणून ते आत एक बारीक नळी ठेवायचे. तिला स्टेंट म्हणतात. ती वेळेत काढली नाही तर तिच्यावरच खडे धरतात आणि किडनी जाते. पण दुखणं थांबलं की माणूस नळी विसरतो. तात्या विसरत नसत. मुरबाडजवळच्या म्हसाच्या जत्रेत ओळखीचा कुणी बैल बघताना दिसला, तरी आधी नळी, मग बैल.

मी तिथे केसपेपर लिहायचो आणि उरलेल्या वेळात मजुरांच्या हक्कांची पत्रकं. एका दिवाळीनंतर डोळखांबकडची जानकी खडा घेऊन आली. डॉक्टर म्हणाले, "खडा काढून नेहमीची नळी घालू. सहा आठवड्यांनी दुर्बिणीतून काढू."

तात्या मध्येच बोलले, "बाय, वीटभट्टीवर कदी जानार?"

"नवव्या दिशी मुकादमाचा ट्रक येनार. मंग होळीलाच घरी."

"आइकलंत, डॉक्टर? हिला दोऱ्याची घाला."

दोऱ्याच्या नळीचा दोरा बाहेर राहतो. आठवड्याने तो ओढला की नळी निघते, दुर्बीण लागत नाही. डॉक्टर कुरकुरले, "घरी राबताना दोरा ओढला गेला तर? हिला आठ दिवस कोण बसवून ठेवणार?"

मी चिडलो. बाईच्या किडनीची मुदत मुकादमाच्या ट्रकने ठरवायची? मी तिथल्या तिथे पत्रकाला कागद ओढला.

"ते मागून लिव," तात्या म्हणाले. "आदी हिची सोय. आमच्या घरी ऱ्हाईल ही, नवऱ्याला घेऊन."

तात्या एकटेच राहत. त्यांच्या घरात कधी पाहुणा शिरल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

ते आठ दिवस गल्लीने नाटक पाहिलं. जानकीने कळशीला हात लावला की तात्या ओरडत, "ठेव खाली गो! दोरा!" झाडू उचलला, "दोरा!" शेवटी नवरा म्हणाला, "तात्या, हसू तरी द्या तिला."

"हस की. पन बसून."

आठव्या दिवशी डॉक्टरांनी तपासून नळी ओढली. तात्यांनी ती ट्रेमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळली. अख्खी होती. डॉक्टर मला म्हणाले, "यापुढे केसपेपरवर माणूस कामाला कधी जाणार तेही लिहीत जा. नळी त्यावरून ठरवू."

दुसऱ्या दिवशी हायवेवर ट्रक भरला. जानकी वरून ओरडली, "तात्या, होळीला येतो आमी! नळी नसली तरी!"

ट्रक दिसेनासा झाला, तरी तात्यांचा हात वरच होता. मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "चल जेवायला. सवयीनं तिघांच्या भाकऱ्या थापल्यात."